अडुसष्टनंतर सत्तर

वसमतच्या हळदीच्या मोंढ्याला दोन फाटकं.
परभणीकडच्या काट्यावर मुनीर,
नांदेडकडच्या काट्यावर गंगासागर.
दोघांपुढं एकेक कॉम्प्युटर,
दोन्हींच्या पोटात एकच तक्ता,
आणि तो तक्ता मांडणारी मी
नांदेडात, तिसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली.

चैतातल्या एका मंगळवारी
चार हजार एकशे सतरा नंबरची पावती
दोनदा निघाली.
एक बेचाळीस क्विंटलची, एक नऊची.
बेचाळीसचे पैसे नऊवाल्याच्या नावावर पडले
आणि दुपारी सौदा बंद.

"म्या तर मव्हाच नंबर दिला,"
गंगासागर फोनवर म्हणाली.
मागून मुनीरचा आवाज, "म्या बी मव्हाच."

रात्री नोंदी उघडून बसले.
अकरा वाजून सात मिनिटं, सेकंदही तोच:
दोघांनी विचारलेलं, शेवटचा कितवा?
तक्त्यानं दोघांना सांगितलं, सोळा.
दोघांनी एक मिळवला.
बेरीज कुणाची चुकली नव्हती,
खोटं कुणी बोललं नव्हतं.
आठ महिने हे असंच चाललेलं,
आणि चालतंय म्हणून मी त्याला
बरोबर समजत आलेले.

सकाळच्या बसनं वसमत.
कीबोर्डच्या सगळ्याच कळा पिवळ्या,
एन्टरची जरा जास्त.
मुनीरचे अब्बा डबा घेऊन आलेले,
तीस वर्षं याच काट्यावर होते.
माझं ऐकून घेतलं, पान जुळवलं, म्हणाले,
"आमच्या वक्ताला पितळी बिल्ले असायचे, बाई.
भिंतीला खिळे, खिळ्याला बिल्ला.
हातात आला की खिळा रिकामा.
इचारायचं कुणाला, कितवा म्हणून?"

मी दोन पावत्या हातात धरून
रिकाम्या भिंतीकडं बघत राहिले.
विचारणं आणि घेणं
मी दोन ओळींत लिहिलं होतं.
त्या दोन ओळींमधून
नऊ क्विंटलचा टेम्पो आरामात गेला होता.

मग एका कोपऱ्यात एकच घर ठेवलं,
त्यात फक्त एक आकडा.
येईल त्यानं आधी कडी लावायची,
आकडा वाढवायचा, वाढलेला उचलायचा,
कडी काढून निघायचं.
तोवर दुसऱ्यानं दाराशी थांबायचं.
"किती येळ?" गंगासागरनं डोळे बारीक केले.
तू वसमत म्हणेपर्यंत, म्हटलं,
चारशे जण येऊन जातील.
तिनं मुद्दाम सावकाश म्हणून पाहिलं,
व स म त.

शिवाय पावतीच्या रकान्यावर एक नियम ठोकला:
इथं एक आकडा एकदाच.
कडी लावायला उद्या कुणी विसरलं
(कुणी म्हणजे मीच)
तर तक्ता स्वतः नको म्हणेल,
आणि ते नको मला रात्री झोपू देईल.

वैशाखात सचिवांचा फोन.
दुबार एकही नाही, पण
पाच हजार दोनशे तीस कुठाय?
एकोणतीस आहे, एकतीस आहे.

मुनीरनं नंबर काढलेला,
टेम्पोवाल्याला घरून फोन आला,
तो वजन न करताच माघारी वळला.
परत ठेवून द्यायचा ना मग, सचिव म्हणाले.
ठेवायला जावं, साहेब,
तर मधल्या वेळात एकतीस निघालेला असतो.
त्यांना पटलं नाही. लेखी द्या म्हणाले.

अब्बांना सांगितलं तर ते हसले.
एकोणसत्तरचा बिल्ला शेषेराव हमालानं
लेकराच्या करदोट्यात ओवला होता,
चकाकतो म्हणून.
कुणी मागितला नाही, नवा पाडलाही नाही.
"अडुसष्ट झालं की सत्तर म्हणायचो.
मोंढ्यात कुणाचं कायबी अडलं नाही.
दोन एकोणसत्तर असते, तर डोकी फुटली असती."

मी कागद घेतला, सचिवांसाठी,
आणि लिहिलं:
पाच हजार दोनशे तीस.
दिला. वापरला गेला नाही.
पुन्हा कुणाला देणार नाही.